असोसिएशनचं फुकटचं काम घ्यावं का?

या वेळी फूड टेक्नॉलॉजीवाल्यांचीच पत्रं जास्त आलीत आणि बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून तोच, की नोकरी किंवा शिक्षण सांभाळून प्रोफेशनल संस्थेत व्हॉलंटियर म्हणून राबायचं का. म्हणून चार पत्रं एकत्र घेतेय. नावं छापू नका असं सगळ्यांनीच सांगितलंय, तर गावावरच भागवते.

प्रश्न : ताई, मी परभणीहून फूड टेकचं बी.टेक. केलं आणि सध्या रांजणगाव एमआयडीसीत एका बिस्किट कंपनीत क्यूएला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे. दर तासाला मेटल डिटेक्टरमधून टेस्ट पीस सोडायचे, मॉइश्चर बघायचं, पॅकेटचं वजन, सीलिंग, मग रजिस्टर, आणि ऑडिट आलं की रात्रभर जागरण. मला प्रॉडक्ट डेव्हलपमेंटला जायचंय पण तुमचा अनुभव क्यूएचा आहे म्हणून कोणी इंटरव्ह्यूलाच बोलावत नाही. एक सीनियर म्हणाले असोसिएशनची मेंबर हो, तिच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे शहरातल्या शाखेत, व्हॉलंटियरिंग कर, ओळखी होतील. पण आठवड्यातून एकच सुट्टी मिळते आणि शिफ्ट बदलली की तीही जाते. आई म्हणते पगार नाही तिथे कशाला जातेस. खरंच उपयोग होतो की नुसतं सर्टिफिकेट मिळतं? – रांजणगाव

उत्तर : आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये हं, पगार नाही तिथे जाताना आपण कशासाठी जातोय हे डोक्यात पक्कं असायलाच हवं. उपयोग होतो का, तर होतो, पण कुठलं काम अंगावर घेतेस त्यावर सगळं आहे.

तुझे सीनियर बहुतेक एएफएसटीआयबद्दल बोलत असणार, म्हणजे असोसिएशन ऑफ फूड सायंटिस्ट्स अँड टेक्नॉलॉजिस्ट्स. 1957 पासूनची संस्था आहे, मुख्य ऑफिस म्हैसूरला सीएफटीआरआय या सरकारी अन्न संशोधन संस्थेच्या आवारात, आणि आपल्याकडे मुंबई, पुणे असे चॅप्टर आहेत. आयसीफॉस्ट नावाचं त्यांचं अधिवेशन दरवर्षी भरतं आणि दर वेळी वेगळ्या शहरात असतं, शिवाय चॅप्टरची वर्षभर लेक्चरं, सेमिनार चालू असतात. आणि हे सगळं नोकरी करणारी माणसंच नोकरीबाहेरच्या वेळात करतात, त्यामुळे हाताखाली माणूस कायम कमीच पडतो. तू गेलीस तर कोणी नको म्हणणार नाही.

पण पहिल्या दिवशी तुझ्या हातात काय पडेल तर रजिस्ट्रेशन डेस्क. बॅज, पिशव्या, सह्या. एकदा कर, चेहरे ओळखीचे होतात, पण तिथेच दोन वर्षं बसलीस तर लोक तुला बॅजवाली म्हणूनच ओळखतील. दुसऱ्या वेळेपासून मागून घे की मला टेक्निकल सेशनची रिपोर्टिंग द्या. म्हणजे काय, तर हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसायचं, प्रत्येक वक्त्याचं सार लिहायचं, आणि संध्याकाळपर्यंत संयोजकांना एक-दीड पान द्यायचं. हे काम कोणालाच नको असतं कारण जेवणाची सुट्टी त्यात जाते, आणि म्हणूनच ते मिळतं.

आता त्यात काय होतं बघ. समजा कोणी शुगर कमी केलेल्या बिस्किटावर बोलतोय. साखर काढली की नुसता गोडवा जात नाही, कणकेचा स्प्रेड बदलतो, रंग येत नाही, खुसखुशीतपणा जातो, मग तिथे पॉलिऑल (साखरेऐवजी वापरायचे गोड पदार्थ) घाला, फायबर घाला, की लगेच पोट बिघडायची तक्रार आणि लेबलवरची सूचना. तू रोज ओव्हनच्या तोंडाशी उभी राहून हेच बघतेस, फक्त उलट्या बाजूने. वक्त्याने स्लाइडवर एखादा आकडा भराभर दाखवून पुढे सरकवला, तुला तो नीट टिपता आला नाही, तर चहाच्या वेळी तू जाऊन विचारणार की सर, ते मॉइश्चर बेकिंगनंतर लगेचचं होतं की कूलिंग कन्व्हेयर संपल्यावरचं? झालं की! नुसतं "सर मला तुमच्याकडे जॉब आहे का" म्हणणाऱ्या मुलांच्या रांगेत तू नाहीस, तू कामाचा प्रश्न विचारलास, आणि तोही असा की लाइनवर उभं राहिलेल्यालाच सुचेल. आरअँडडीतल्या माणसाला प्लांट कळणारं कोणीतरी हवंच असतं, कारण पायलटवर, म्हणजे छोट्या प्रायोगिक यंत्रावर, मस्त जमलेली रेसिपी लाइनवर गेली की फसते आणि तेव्हा भांडण क्यूएशीच होतं.

दुसरं एक काम सांगते, त्याला तर आणखीनच कमी गर्दी. एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, नवीन नियमांचे मसुदे काढते आणि सूचना-हरकतींसाठी मुदत देते. संस्था, इंडस्ट्रीच्या बॉडी, मुंबईत पीएफएनडीएआय ही अन्न-उद्योगाची संघटना आहे, हे सगळे आपापल्या मेंबरांकडून मुद्दे गोळा करून पाठवतात. बीआयएसचेही (भारतीय मानक ब्यूरो) खाद्यपदार्थांच्या स्टँडर्डचे मसुदे असेच खुले असतात. ते पाठवायचं साधारण एका तक्त्यात असतं : कुठलं कलम, आत्ता काय लिहिलंय, तुम्हाला काय बदल हवा आणि त्याला शास्त्रीय आधार काय. ज्येष्ठ मंडळी फोनवर मतं सांगतात, पण तो तक्ता भरायला कोणाला वेळ नसतो. तू भर. चौथा रकाना भरताना तुझी खरी परीक्षा, कारण "इंडस्ट्रीला त्रास होईल" हा शास्त्रीय आधार नव्हे, तिथे पेपर शोधावा लागतो, कोडेक्सने, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांनी, काय म्हटलंय ते बघावं लागतं. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2021 ला 3 टक्के आणि 2022 ला 2 टक्के झाली तेव्हा बिस्किटाच्या फॅटचं गणित कितीतरी ठिकाणी पुन्हा मांडावं लागलं, असा बदल मसुद्यातच असताना ज्याने वाचलाय तो कंपनीत काही महिने पुढे असतो. आणि इंटरव्ह्यूला हे दाखवता येतं, सर्टिफिकेटपेक्षा कितीतरी वजनदार.

फक्त एक पथ्य पाळ. कंपनीचा फॉर्म्युला, सप्लायरचं नाव, कुठला लॉट रिजेक्ट झाला, हे चहाच्या कपासोबतसुद्धा बाहेर पडता कामा नये. हे क्षेत्र फार लहान आहे गं, समोरचा हसतमुख माणूस तुमच्याच सप्लायरकडे असतो. मॅनेजरला आधीच एक साधा मेल टाकून ठेव की मी वैयक्तिक पातळीवर असोसिएशनच्या कार्यक्रमात मदत करतेय, सुट्टीच्या दिवशी. नियमांच्या मसुद्यावर काम करणार असशील तर कंपनीत रेग्युलेटरी बघणारे जे कोणी असतील त्यांच्या कानावर घाल, नाहीतर कंपनीची भूमिका एक आणि तुझ्या तक्त्यात दुसरीच.

आणि सुट्टी एकच आहे म्हणतेस, तर दर रविवारी रांजणगावहून निघून वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये बसून पुण्याला जायची काही गरज नाही. तक्ता, रिपोर्ट, वक्त्यांशी पत्रव्यवहार, हे सगळं खोलीवर बसून होतं. वर्षातून दोन-तीन कार्यक्रमांना प्रत्यक्ष जा, पण घेतलेलं काम वेळेत दे. व्हॉलंटियरमध्ये वेळेत देणारी माणसं इतकी कमी असतात की तेवढ्यावरच नाव होतं.

प्रश्न : मॅडम, मी थर्ड इयरला आहे. आमच्या कॉलेजमध्ये स्टुडंट चॅप्टरच्या सेक्रेटरीसाठी माझं नाव चाललंय. पण मला एमपीएससीमधून अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचंय आणि घरचे म्हणतात अभ्यास सोडून हे कशाला. सेक्रेटरी झालो तर परीक्षेत त्याचे मार्क मिळतात का किंवा सिलेक्शनला फायदा होतो का? – परभणी

उत्तर : मार्क मिळत नाहीत. त्या पदाला डिग्री बघतात, परीक्षा बघतात, तिथे तुझ्या सेक्रेटरीपदाला कोणी विचारणार नाही, तेव्हा त्या आशेने होणार असशील तर आत्ताच नाही म्हण.

पण तुला एफएसओ, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकारी, व्हायचंय म्हणून एक सुचवते, पद नको घेऊस, एक कार्यक्रम घे. 7 जूनला जागतिक अन्न सुरक्षा दिन असतो, कॉलेजं, चॅप्टर त्या सुमाराला बाजारात, शाळेत भेसळ ओळखायचे स्टॉल लावतात, एफएसएसएआयची डार्ट नावाची पुस्तिका आहे त्यातले घरगुती प्रयोग करून दाखवतात. दुधात आयोडिनचा थेंब टाकला आणि निळं झालं की स्टार्च, वगैरे. तो स्टॉल तू सांभाळ, आणि तो सांभाळताना हळदीचा प्रयोग नीट समजून घे, कारण तिथे भले भले फसतात. हळदीत आम्ल टाकलं की गुलाबीसर रंग येतो आणि स्टॉलवरचा पोरगा ओरडतो, भेसळ सापडली! अरे बाबा, शुद्ध हळदसुद्धा तीव्र आम्लात तसा रंग देते. त्यात पाणी घालून बघायचं, रंग गेला तर ती हळदच, पाणी घालूनही गुलाबी टिकून राहिला तर मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाचा संशय. पाणी घालायचं विसरलास तर एखाद्या दुकानदाराची विनाकारण बदनामी होईल. आणि आम्ल तीव्र असतं, ते हाताळायचं काम तुमचं, गर्दीतल्या लहान मुलांच्या हातात बाटली द्यायची नाही.

पाण्याने खात्री करूनही रंग टिकला तरी स्टॉलवर उभं राहून दुकानाचं नाव घ्यायचं नाही. कायद्याने नमुना घ्यायचा तो अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने, 2006 च्या कायद्यात त्याची रीत ठरलेली आहे, नमुन्याचे चार भाग करायचे, सील करायचे, त्यातला एक फूड अ‍ॅनालिस्टकडे जातो आणि त्याने 14 दिवसांत रिपोर्ट द्यायचा. हे तू परीक्षेसाठी पाठ करशीलच, पण एखादी बाई पुढे येऊन पिशवीतली मिरचीपूड दाखवून म्हणते "आता सांगा, ह्याचं काय करू, तक्रार कुठे करू", तेव्हा तिला चार वाक्यांत समजेल असं सांगता येणं ही वेगळीच गोष्ट आहे आणि एफएसओला आयुष्यभर तेच करावं लागतं. दोन दिवसांचा स्टॉल आहे, तेवढ्याने अभ्यास बुडत नाही. सेक्रेटरीपण मात्र वर्षभर बुडवतं, हॉल बुकिंग, प्रिन्सिपॉलची सही, पाहुण्यांचं तिकीट, गटबाजी. ज्याला कॅम्पसमधून इंडस्ट्रीत जायचंय त्या मित्राला दे ते पद, त्याला त्या निमित्ताने कंपन्यांशी बोलता तरी येईल.

प्रश्न : मॅडम, मी मुंबईत एका फूड इन्ग्रेडियंट कंपनीत टेक्निकल सेल्सला आहे. एका संस्थेत (नाव नको) गेली काही वर्षं काम करतोय. सुरुवातीला आवडीने केलं, आता सगळे पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, स्टेज, हार-तुरे, पाहुण्यांना एअरपोर्टवरून आणणं माझ्याकडेच. टेक्निकल कमिटीत घ्या म्हटलं की "तू ज्युनियर आहेस, बघू" म्हणतात. सोडलं तर इतक्या वर्षांच्या ओळखी जातील अशी भीती वाटते. काय करू? – ठाणे

उत्तर : तुमचा राग समजतो, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. जो पोरगा काम करतो त्यालाच आणखी काम, आणि फोटोत मात्र पहिल्या रांगेत दुसरेच. पण एक विचारते, तुम्ही "टेक्निकल कमिटीत घ्या" असं म्हणालात की "हे एक काम मी करतो" असं म्हणालात? कमिटीत घ्या म्हटलं की त्यांना खुर्ची दिसते आणि खुर्च्या आधीच भरलेल्या असतात. त्याऐवजी पुढच्या सेमिनारच्या आधी एक पान लिहून द्या : अर्ध्या दिवसाचं सेशन, विषय अमुक, वक्ते म्हणून ह्या तीन माणसांशी माझं बोलणं झालंय, खर्च इतका. तुम्ही इन्ग्रेडियंटमध्ये आहात, बेकरी, डेअरी, नमकीनवाले सगळ्यांचे रडगाणे तुम्हाला ठाऊक. फरसाणच्या तेलात फ्री फॅटी अ‍ॅसिड (तेल बिघडत चालल्याची खूण) का वाढतं आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल कधी टाकायचं, एवढ्या एका विषयावर छोट्या फरसाणवाल्यांसाठी मराठीत अर्धा दिवस ठेवलात तरी हॉल भरेल. एफएसएसएआयने टोटल पोलर कंपाउंडची, म्हणजे तेल तापवून तापवून त्यात साठणाऱ्या खराब घटकांची, 25 टक्क्यांची मर्यादा घातलीय, पण ते मोजायचं कशाने आणि मीटर नसेल तर काय करायचं हे त्या माणसाला कोणी त्याच्या भाषेत सांगितलेलंच नसतं.

फक्त त्या सेशनमध्ये स्वतःच्या कंपनीचं अँटिऑक्सिडंट विकायला बसू नका! सेल्सवाल्या व्हॉलंटियरवर हा संशय कायम असतो, आणि कदाचित तुम्हाला "बघू" म्हणण्यामागे तेही असेल, स्पष्ट कोणी बोलत नाही एवढंच. सेशनमध्ये स्पर्धक कंपनीचा माणूसही बोलवा, म्हणजे तोंडं आपोआप बंद होतात.

एवढं करूनही "बघू"च आलं तर एअरपोर्टची ड्युटी सोडा. भांडून नको, सरळ सांगा की या वर्षी घरचं काम आहे, पोस्टर दुसऱ्या कोणाला द्या, मी त्याला शिकवतो. ओळखी जातील म्हणता, पण ज्या ओळखी हार आणायचं बंद केल्यावर जातात त्या तशाही तुमच्या करिअरच्या कामाच्या नव्हत्या, आणि ज्यांना तुम्ही इतकी वर्षं गाडीतून आणलंत त्यातल्या निम्म्यांशी प्रवासात बोलणं झालंच असेल ना, तो नंबर तुमच्याच फोनमध्ये आहे. दुसऱ्या संस्थाही आहेत की. डेअरीकडे तुमचे ग्राहक असतील तर इंडियन डेअरी असोसिएशन आहे, 1948 पासूनची, त्यांचा पश्चिम विभाग मुंबईतच आहे.

प्रश्न : ताई, मी मुंबईत फूड टेकमध्ये एम.टेक. करून चार वर्षं फ्लेवर अ‍ॅप्लिकेशन लॅबमध्ये (फ्लेवर प्रत्यक्ष पदार्थात घालून बघतात तिथे) काम केलं. लग्नानंतर एडिसन, न्यू जर्सीला आले, एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसामुळे मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे, काम करता येत नाही. रेझ्युमेमध्ये गॅप वाढत चाललाय आणि घरात बसून डोकं फिरायची वेळ आलीय. इथल्या संस्थेत व्हॉलंटियरिंग केलं तर चालतं का? ते लोक बाहेरच्याला घेतात का? – एडिसन

उत्तर : आधी कायद्याचं बघू. बिनपगारी काम म्हणजे सरसकट चालतं असं नाही, हे लक्षात ठेव. ना-नफा संस्था असावी, आणि ते काम एरवीही लोक पैसे न घेता करत असतील असंच असावं. एखाद्या कंपनीच्या लॅबमध्ये "फुकट करते, अनुभव द्या" म्हणून जाणं धोक्याचं, कारण त्या कामाला तिथे पगार असतो. संस्थेच्या कार्यक्रमात मदत करणं वेगळं. तरी मिस्टरांच्या कंपनीचा इमिग्रेशन वकील असेल त्याला एक मेल टाकून लेखी उत्तर घेऊन ठेव, आणि एच-4 चं वर्क परमिट मिळण्याइतपत मिस्टरांचं ग्रीन कार्डचं प्रकरण पुढे गेलंय का हेही त्याच मेलमध्ये विचार, कधीकधी लोकांना मिळू शकत असतं आणि त्यांनी अर्जच केलेला नसतो.

आता संस्था. तिकडे आयएफटी, इन्स्टिट्यूट ऑफ फूड टेक्नॉलॉजिस्ट्स, 1939 ची, शिकागोची. त्यांचे ठिकठिकाणी सेक्शन आहेत, तुला न्यूयॉर्क सेक्शन जवळचा. आणि तू बसलीयस कुठे हे बघ जरा, न्यू जर्सी म्हणजे फ्लेवर कंपन्यांचं माहेरघर, शेजारी न्यू ब्रन्सविकला रटगर्सचं फूड सायन्स डिपार्टमेंट, आणि तू फ्लेवर अ‍ॅप्लिकेशनवाली! सेक्शनचे सप्लायर्ससोबतचे मेळावे होतात, जेवणासोबत टेक्निकल लेक्चर असतं, विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिप असतात, त्या सगळ्याला माणसं लागतात. बाहेरच्याला घेतात का म्हणशील, तर मेंबर झालीस की तू बाहेरची नाहीस. मेल लिहिताना "एनी ऑपॉर्च्युनिटी" असलं काही लिहू नकोस, आपल्याकडच्या मुलींची ही सवय आहे, कशालाही हो म्हणायची तयारी दाखवायची. लिही की मी डेअरी ड्रिंक आणि सॅव्हरी सीझनिंगच्या अ‍ॅप्लिकेशनवर चार वर्षं काम केलंय, विद्यार्थ्यांच्या प्रॉडक्ट डेव्हलपमेंट स्पर्धेत किंवा पोस्टरच्या परीक्षणात मदत करू शकेन. परीक्षकाचं काम तिकडे असंच मेंबर लोक विनामोबदला करतात, आणि दुसऱ्याचं प्रॉडक्ट तपासताना तुला सध्या तिकडे काय चाललंय, कुठलं स्वीटनर, कुठलं प्लांट प्रोटीन, लेबलवर काय चालतं काय नाही, ते सगळं आपोआप कळत जातं.

रेझ्युमेमध्ये हे "अनुभव" खाली घालू नकोस, "व्हॉलंटियर / प्रोफेशनल सर्व्हिस" असा वेगळा भाग कर आणि काय केलंस ते एका ओळीत लिही. वर्क परमिटशिवाय नोकरीसारखं दिसणारं काही रेझ्युमेत असलं की उगाच प्रश्न निघतात. आणि हातात रिकामा वेळ आहेच तर सर्टिफाइड फूड सायंटिस्टची परीक्षा बघ, सीएफएस, आयएफटीच घेते, त्याला डिग्री आणि अनुभव दोन्ही बघतात, तुझ्या एम.टेक. आणि चार वर्षांवर बसतेस का ते त्यांच्या नियमांत आधी तपास. आपल्याकडच्या कंपनीचं अनुभवाचं पत्र मूळ लेटरहेडवर, कामाच्या तपशिलासकट मागवून घे, "शी वॉज विथ अस" एवढंच लिहिलेलं तिकडे चालत नाही. जुना मॅनेजर अजून त्याच कंपनीत आहे तोवर मागव, तो नोकरी बदलून गेला की एचआरला तू आठवणारही नाहीस.